आपल्याच माणसांना सुनावणारा डॉक्टर

नमस्कार मंडळी. आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला ‘साठीनंतरचे गुडघे’ असा विषय दिला होता. स्लाइड्स तयार आहेत, पण घाबरू नका, दाखवत नाही. विषय बदलला तो माझ्या नातीने.

स्वतःच्याच सरकारला जाब विचारणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल तिला शाळेत लिहायचं होतं. तिने गाझाचे डॉ. हैदर अब्देल-शफी निवडले. जेवताना मी म्हणालो, “अगं, त्या लोकांवर आधीच एवढं संकट. त्यात आपल्याच माणसांची लक्तरं चव्हाट्यावर कशाला? घरातलं घरात ठेवावं.” ती म्हणाली, “आजोबा, पण घरात तरी तुम्ही कुठे बोलू देता?” मुलगा ताटात बघून हसला. मग आमची जी जुंपली ती हात वाळेपर्यंत.

हरायचं नाही म्हणून मीही वाचायला बसलो. हे गृहस्थ १९१९ साली गाझात जन्मले, बैरुतला डॉक्टर झाले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्जरी शिकायला आले कुठे, तर अमेरिकेत, ओहायोतल्या आपल्या डेटनला! आणि शिकून परत गेले. (“पाच वर्षांत परत जाऊ” म्हणून आलेली मंडळी समोर बसली आहेत, तेव्हा मी पुढे बोलत नाही.) १९६७ मध्ये इस्रायलने गाझा ताब्यात घेतल्यावर त्यांना दोनदा हद्दपार केलं, तरी ते पुन्हा गाझातच. १९७२ मध्ये त्यांनी तिथे रेड क्रेसेंट सोसायटी, म्हणजे तिकडची रेड क्रॉस, उभी केली, गरिबांसाठी दवाखाने चालवले. १९८० मध्ये त्या संस्थेचं कार्यालय जाळलं गेलं. जाळणारे इस्रायली नव्हते, गाझातलेच धर्मवेडे होते.

१९९१ ची माद्रिद परिषद, इस्रायल आणि अरबांमधल्या शांततेसाठीची, आठवते ना? तिथे पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचं नेतृत्व यांच्याकडे होतं. पुढे वॉशिंग्टनच्या वाटाघाटींत त्यांचा एकच हेका होता: आधी आमच्या जमिनीवरच्या इस्रायली वसाहतींचं बांधकाम थांबवा, मग बाकीचं बोलू. हे इकडे मान मोडून बोलणी करताहेत आणि तिकडे ओस्लोत यांच्या नकळत पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांच्या माणसांची इस्रायलशी दुसरीच बोलणी सुरू! करार झाला आणि त्यात वसाहती थांबवण्याची अट नव्हती. १९९३ मध्येच ते शिष्टमंडळातून बाहेर पडले आणि आपल्या नेतृत्वाचं काय चुकलं ते उघड बोलत राहिले. आपल्या मंडळाची कार्यकारिणी निवडणुकीआधी कुणाच्या बेसमेंटमध्ये ठरते, हे मी इथे विचारणार नाही. वडे फार चांगले होते, एवढंच सांगतो.

तर, १९९६ च्या निवडणुकीत गाझाच्या मतदारांनी त्यांना भरभरून मतं दिली आणि ते कायदेमंडळावर गेले. तिथे जे दिसलं ते विलक्षण आहे. १९९७ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्याच, म्हणजे ओस्लो करारातून आलेल्या अराफत यांच्या सरकारच्याच, हिशेब तपासनिसांनी सुमारे ३२ कोटी ६० लाख डॉलरची उधळपट्टी आणि गैरव्यवहार दाखवून दिला. कायदेमंडळाने मंत्रिमंडळ बरखास्त करण्याची मागणी केली. त्याच वर्षी कायदेमंडळाने मूलभूत कायदा मंजूर केला, म्हणजे जवळजवळ राज्यघटनाच. अराफत यांची त्यावर सही झाली २००२ मध्ये! मंत्रिमंडळात फेरबदल झाले तेही वर्षभराने, आणि मंत्री कमी होण्याऐवजी वाढले. हनान अशरावींनी तेव्हा मंत्रिपद सोडलं. अब्देल-शफी तर त्याआधीच आमदारकीचा राजीनामा देऊन घरी गेले होते.

घरी म्हणजे गाझातच. शत्रूच्या गोटात जाऊन बसले नाहीत. आमच्या पिढीने शनिवारवाड्यावर समाजवादी नेते एसेम जोशींना ऐकलंय, तेव्हा आपल्याच लोकांना सुनावणारा माणूस आपल्याला नवा नाही. इथे आल्यावर मात्र आपल्याला काय होतं कोण जाणे. हिशेबाबद्दल कुणी प्रश्न विचारला की तो ‘नेगेटिव्ह’. पार्किंगमध्ये उभं राहून आपण तासभर बोलतो, सभेत चकार शब्द नाही. फारच खटकलं तर दुसरं मंडळ काढतो. आणि मुलं हे बघत असतात. कार्यक्रमाहून परतताना गाडीत मी कुणाकुणाबद्दल काय बोलतो, त्याचीही यादी नातीने त्या दिवशी मला ऐकवली. यादी लांब आहे, नावं फोडत नाही.

पण राजीनाम्यावरून आमचं अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, सही होत नाही, चोरी थांबत नाही, तर त्या खुर्चीत बसून शोभेचं बाहुलं का व्हायचं? माझं म्हणणं, एवढी मतं मिळालेल्या माणसाने उठून जाऊ नये. २००२ मध्ये त्यांनी मुस्तफा बर्गूती, एडवर्ड सईद वगैरेंबरोबर ‘मुबादरा’ (म्हणजे ‘पुढाकार’) ही तिसरी वाट काढली. भ्रष्टाचारही नको आणि बंदुकीचं राज्यही नको, असं म्हणणाऱ्यांची. २००६ च्या कायदेमंडळ निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा इस्लामी संघटना हमासने जिंकल्या, मुबादराच्या यादीला २ मिळाल्या. जून २००७ मध्ये गाझात फतह (अराफत यांचा पक्ष) आणि हमास एकमेकांवर गोळ्या झाडत होते. सप्टेंबरमध्ये डॉक्टर गेले, ८८व्या वर्षी.

१९९६ मध्ये त्यांना मत देणाऱ्या माणसांनी २००६ मध्ये कुणाला मत दिलं असेल? ते आत राहिले असते, तर त्या लोकांना दुसरं कुणी शोधावं लागलं असतं का? नात म्हणते, लागलंच असतं. मला तसं ठामपणे म्हणवत नाही.