देवीचं इस्पितळ हवं, पण शेजारी नको!

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्हिक्टोरियाकालीन लंडनमधली साथ आणि इस्पितळं’. साथ आणि व्हिक्टोरिया राणी एकत्र आल्या की आपण थेट १८९७च्या प्लेगवर आणि रँडवर जातो. आज रँड नको. तो एकदा आला की सभा त्याचीच होते! (हशा)

माझा मुद्दा एवढाच, की देवीच्या रोग्यांचा प्रश्न औषधाचा नव्हताच. न्यायचं कुठं, हा होता. लस होती, पण रोग व्हायचाच. गोरगरिबांच्या साथरोगांसाठी १८६७ साली ‘मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड’ स्थापन झालं आणि १८७०मध्ये त्यांनी हॅम्पस्टेडला तात्पुरतं इस्पितळ उभारलं. शेजारी राहतात कोण? सर रोलंड हिल, पेनी पोस्टवाले! देशभरची पत्रं एका पेनीत घरोघर पोचवणारा माणूस, पण देवीचा रोगी कुंपणापलीकडे आलेला त्याला खपेना. रहिवासी कोर्टात गेले. हिल १८७९मध्ये वारले, खटला चालूच! शेवटी १८८१मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, बोर्डाला बजावलं: इस्पितळ बांधा, पण कायद्यानं परवानगी दिली म्हणून शेजाऱ्यांना उपद्रव द्यायचा हक्क मिळत नाही. आमच्या सोसायटीत दवाखान्याला गाळा द्यायचा विषय निघाला, तेव्हा हीच भाषणं झाली. फक्त पेनी पोस्ट कुणी काढलेलं नव्हतं. (हशा)

बरं, शेजाऱ्यांची भीती अगदीच खोटीही नव्हती. त्याच सुमारास विल्यम पॉवर या अधिकाऱ्यानं फुलहॅमच्या इस्पितळाभोवती नकाशावर वर्तुळं काढली. जितकं घर जवळ, तितकी देवी जास्त.

मग इस्पितळ न्यायचं कुठं? पाण्यावर! ‘ॲटलस’ आणि ‘एंडिमियन’ या जुन्या लढाऊ जहाजांवर. तिसरी ‘कॅस्टेलिया’. ही मूळची इंग्लिश खाडीतली जोड-सांगाड्याची आगबोट, प्रवाशांना बोट लागू नये म्हणून बांधलेली. चालायला अगदी मंद. तिच्या डेकवर पाच वॉर्ड तिरके बसवले. १८८४पासून तिन्ही जहाजं थेम्स नदीत, डार्टफर्डजवळ लाँग रीचला. रोगी आधी घोड्याच्या रुग्णगाडीतून रॉदरहाइदच्या धक्क्यावर यायचा, तिथं डॉक्टर तपासायचे, आणि देवी आहे अशी खात्री झाली की बोटीनं थेम्समधून खाली न्यायचे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे कबूल केलेलं व्याख्यान आता सुरू! (हशा)

तर पटकन. एक, बोर्डाचं इस्पितळ म्हणजे गरिबांसाठीची सरकारी मदत, आणि ती घेतली की मताचा हक्क जायचा. मग कोण रोग सांगेल? १८८३मध्ये ती अट गेली, १८९१पासून लंडनकरांना उपचार मोफत. दोन, १८८९चा कायदा: डॉक्टरनं रोग्याची खबर द्यायची, खासगी रोग्यामागे अडीच शिलिंग फी. लंडनला सक्तीचा, इतर जिल्ह्यांना ऐच्छिक. देशभर सक्ती १८९९मध्ये. तीन, जहाजं. १९०१-०२च्या साथीनंतर जमिनीवरची इस्पितळं पुरेशी झाली आणि १९०४मध्ये तिन्ही विकून टाकली. हॅम्पस्टेडच्या त्या जागेवर आज रॉयल फ्री हॉस्पिटल आहे. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.