मधल्या जागेवरचा देव

श्रोतेहो, सविनय नमस्कार.

आपल्या इंदुरात श्रावण दोनदा लागतो. माळव्यातल्या शेजाऱ्यांचा सावन पौर्णिमान्त पंचांगाने आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखी पौर्णिमेला संपतो, तर आपला श्रावण तिथून पुढे पिठोरी अमावास्येपर्यंत चालतो. उज्जैनला महाकालेश्वराची स्वारी श्रावणातल्या सोमवारी निघते. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही ती निघत राहते आणि हा पक्ष म्हणजे आपल्या पंचांगाचा श्रावण वद्य पक्षच. एकाच पालखीत दोन्ही पंचांगांचे सोमवार सामावलेले असतात. मंदिराच्या दारात पोलीस दल त्या पालखीला सलामी देते, कारण उज्जैनचा राजा महाकाल, ही तिथल्या माणसांची पक्की श्रद्धा आहे. परमेश्वर म्हणजे नेमका कोण, आणि एकाला सर्वश्रेष्ठ मानले की बाकीच्या देवांचे काय करायचे, हा आजच्या बोलण्याचा विषय या पालखीजवळच सुरू होतो.

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांत सापडण्याआधी आमच्या आजीच्या ताम्हनात सापडले होते. आमच्या घरी शिवपंचायतन आहे. पाच देव, आणि पाचही मूर्ती नसून दगड. मध्यभागी नर्मदेत मिळालेला, अंड्यासारखा गुळगुळीत बाण म्हणजे शंकर. त्याच्या ईशान्येला गंडकी नदीतला काळा शाळिग्राम म्हणजे विष्णू, आग्नेयेला सूर्याचा स्फटिक, नैर्ऋत्येला शोण नदीतला तांबूस शोणभद्र म्हणजे गणपती आणि वायव्येला देवीची सुवर्णमुखी शिळा. ज्या घरी विष्णुपंचायतन असते तिथे शाळिग्राम मध्ये येतो आणि बाण कोपऱ्यात जातो. गणेशपंचायतन असेल तर शोणभद्र मध्ये येतो. दगड तेच पाच राहतात, बदलते ती फक्त मधली जागा. आजी बाणाला बेल, शाळिग्रामाला तुळस आणि शोणभद्राला दूर्वा वाहत असे. गणपतीला चुकून तुळस गेली तर ती लगेच उचलून घेई. पण कोपऱ्यातला म्हणून कुणाच्या गंधात कसूर झाल्याचे मला आठवत नाही. (अभिषेकाला नळाचेच पाणी असे, आणि इंदूरच्या नळाला जलूदहून येणारी नर्मदा असल्यामुळे ते तिला कमी वाटत नसे.)

पंचायतनाची ही मांडणी म्हणजे देवांची नुसती भरती आहे, असे मला कधीच वाटले नाही. मनाला एका ठिकाणी स्थिर केल्याशिवाय भक्ती होत नाही, म्हणून मध्यभागी एकच. आणि परमात्मा एकाच रूपात कोंडलेला नाही, म्हणून भोवती बाकीचे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान सांगतात की, जो भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्याची त्या रूपावरची श्रद्धा मीच अचल करतो. नवव्या अध्यायात तर अनन्यभावाने चिंतन करणाऱ्याचा योगक्षेम आपण वाहतो, असे ते आश्वासन देतात. अनन्य या शब्दाचा अर्थ 'दुसऱ्याचा तिरस्कार करणारा' असा पुष्कळदा लावला जातो, आणि तो मला फार खटकतो. अनन्य म्हणजे ज्याला दुसरे उरलेच नाही असा. जिथे दुसरेच उरले नाही, तिथे तिरस्कार करायचा कुणाचा? ज्ञानेश्वरमहाराज नाथपंथाचे, म्हणजे शैव परंपरेचे, आणि तरीही वारकऱ्यांची माउली झाले. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करून त्यांनी पसायदान मागितले, ते शिवाचे किंवा विष्णूचे नाव घेऊन नव्हे, तर 'विश्वात्मक देवा'कडे.

इंदुरात बसून हा विषय बोलताना अहिल्याबाईंकडे वळल्यावाचून राहवत नाही. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला, आणि त्यानंतर त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. राज्य त्यांनी शंकराला वाहिले, आणि आज्ञापत्रांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' लिहीत. त्यांच्या प्रतिमेत तळहातावर शिवलिंग दिसते ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, पण त्यामागचा अर्थ मला तरी फार उशिरा जाणवला. मालक तो, आपण कारभारी, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. सर्वश्रेष्ठ देव मानणे म्हणजे मधल्या जागेवरून आधी स्वतः उठणे होय, आणि राज्यकर्त्याला ते इतरांहून कितीतरी अवघड असते.

त्या निःसीम शिवभक्त होत्या, होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले आणि सोमनाथालाही मंदिर बांधले. पण गयेचे विष्णुपद मंदिरही त्यांनीच उभारले. शंकराच्या नावाने चालणाऱ्या राज्याचा पैसा विष्णूच्या पावलांवर छप्पर घालायला गेला, आणि त्यात त्यांच्या निष्ठेला कुठे तडा गेल्याचे कुणाला वाटले नाही.

अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या वाड्यात आजही लिंगार्चन चालते. नर्मदेची काळी माती मळून फळ्यांवर बोटाच्या पेराएवढी शिवलिंगे ओळीने मांडायची, प्रत्येकावर तांदळाचा एकेक दाणा ठेवायचा, पूजा करायची आणि सगळी माती परत नर्मदेत सोडायची. दुसऱ्या दिवशी नव्या मातीने तेच. जपून ठेवावे असे हाती काहीच उरत नाही.

आमच्या आजीला शेवटच्या काही वर्षांत दिसत नसे. पूजा मात्र तिने दुसऱ्या कुणाकडे दिली नाही. ती ताम्हनातल्या पाण्यात हात घाली, पाचही दगड बोटांनी चाचपी आणि बाण तिला पहिल्या स्पर्शात ओळखू येई. तो मध्ये ठेवून झाला की ती शाळिग्राम उचले आणि मला विचारी, "ईशान्य याच बाजूला ना रे?" मी तिचा हात धरून दाखवत असे.