खोक्यातली सायकल

(सोलापुरात सायकलप्रेमींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मला आल्प्सबद्दल बोला म्हणून बोलावलंय आणि मी निम्मा वेळ खोक्याबद्दल बोलणार आहे. आधीच सांगितलेलं बरं. बर्फाची शिखरं आणि गायींच्या गळ्यातल्या घंटा तुम्ही मोबाइलवर पाहिल्याच आहेत. पण सोलापुरातनं निघालेली सायकल तिथवर धड पोचते कशी, हे कुणी सांगत नाही. मला ते धक्के खाऊन कळलं.

माझा धंदा टॉवेलचा. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कारखाना आहे. पंचवीस वर्षं मी खोकी भरून परदेशी पाठवतोय. आमच्याकडं भरलेलं खोकं बंद करायच्या आधी हलवून बघतात. आतनं आवाज आला तर परत उघडायचं, कारण जे आत हलतं ते वाटेत खराब होतं. हे मी रोज कामगारांना सांगतो. आणि २०१८ च्या जूनमध्ये स्वतःची सायकल भरताना मात्र विसरलो. दुकानदाराकडनं नव्या सायकलीचं रिकामं खोकं आणलं, चाकं काढली, सगळं आत कोंबलं आणि वर चार चादरी टाकल्या. सोलापुरी चादर आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली, काय होतंय म्हटलं. चादरी उत्तम होत्या. त्या खाली सरकल्या, एवढंच.

रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथनं विमान, मधे एकदा विमान बदल, मग जिनिव्हा, पुढं ग्रेनोबल आणि शेवटी बसनं बूर द्वाझां. हे गाव म्हणजे फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या घाटाच्या पायथ्याचा तळ. दोन दिवस त्या खोक्याला किती हात लागले असतील, मोजा. गेस्ट हाऊसच्या अंगणात मी सायकल जोडली, चकचकीत दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

आता त्या घाटाबद्दल थोडं. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरचा, सरासरी चढ ८.१ टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढं गेलात की आठ मीटर वर. एकूण साधारण ११०० मीटर चढायचं. त्याला २१ वळणं, प्रत्येकाला नंबर, आणि नंबर उलटे: खाली २१, वर १. प्रत्येक वळणावर पाटी आणि त्यावर टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत इथं जिंकलेल्यांची नावं. पहिला विजेता इटलीचा फाउस्तो कोप्पी, १९५२ साली. आपण मोजत मोजत वर जातो आणि आकडा कमी होत जातो, हे मनाला फार बरं वाटतं. तुळजापूरच्या घाटाला अशा पाट्या लावाव्यात, असं माझं मत आहे.

पण लबाडी अशी की सगळ्यात खडा चढ अगदी सुरुवातीला आहे. पहिल्या दोनेक किलोमीटरला दहा टक्क्यांच्या आसपास. अंग गरम व्हायच्या आत पाय भरून येतात. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, आणि सपाट किती, तर रंगभवनापासून विजापूर रोडनं पार पुढं जा, चढ म्हणजे उड्डाणपूल! सरावाला आम्ही विजापूर रोडचा समोरचा वारा घेतो. वारा वाईट नाही, वाऱ्यात पाय थांबवता येत नाहीत तसेच चढावरही येत नाहीत. पण महिन्यातनं दोनदा तरी पसरणी घाट किंवा सिंहगड करा. वारा अधूनमधून पडतो, घाट तेवढी दया दाखवत नाही.

तर, पहिल्याच चढावर मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागनं कर्रर्र असा आवाज आला. थांबून बघतो तर डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, चाकाच्या तारांना घासत होता. तो ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, त्याला हँगर म्हणतात. तो मऊच ठेवलेला असतो, म्हणजे आदळलं तर तो वाकावा, सांगाडा वाचावा. माझा वाकला होता. वाटेत कुठं, कुणाच्या हातनं, ते मला आजही ठाऊक नाही. आणि खरं सांगायचं तर दोष माझाच, मी डिरेलर न काढता सायकल भरली होती. हलका गिअर टाकला की डिरेलर तारांत जाणार, नाही टाकला की मी जागेवर थांबणार.

उतरून गावातल्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं डिरेलर सोडवला, हँगरच्या आट्यात एक लांब दांड्याचं हत्यार बसवलं, चाकाच्या रिमशी चार जागी अंतर मोजलं आणि हळूहळू दाबून सरळ केलं. दहा मिनिटं. परत आल्यावर मी हे आमच्या अण्णांना सांगितलं. चाळीस वर्षं पंक्चर काढणारा माणूस. ते म्हणाले, ‘‘काय बे, एवढ्यासाठी परदेशी हत्यार?’’ त्यांनी जुन्या मागच्या चाकाचा आस काढून आट्यात फिरवला. आटे जुळतात हो! तेच काम. पण अण्णा तिकडं नव्हते आणि सुटा हँगर होता घरच्या कपाटात.

दुसऱ्या खेपेला मी कारखान्यातल्या माणसासारखा वागलो. डिरेलर सोडवून फडक्यात गुंडाळला आणि सांगाड्याच्या आतल्या बाजूला बांधला. केबल सोडायची गरज नाही. सांगाड्याच्या नळ्यांना एसीच्या तांब्याच्या पाइपला लावतात ती काळी फोमची नळी चढवली. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पुढच्या काट्यात चाकाच्या जागी प्लास्टिकचा आडवा तुकडा बसवला, नाहीतर वरनं वजन पडलं की काटा चेपतो. हा तुकडा दुकानदार फेकून देतात, मागा म्हणजे मिळतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा घाला. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही. मी माझंच व्हिजिटिंग कार्ड दुमडून घातलं होतं. उपयोगी पडलेलं ते पहिलंच.

सीटच्या दांड्याला उंचीच्या जागी चिकटपट्टी लावून खूण करा. टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण काढू नका, रिमला थोडी गादी राहते. पॅडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. हे न कळून पान्यावर उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. मग उरलेल्या जागेत टॉवेल, जितके मावतील तितके, आणि शेवटी खोकं हलवून बघायचं.

वजनाचं काय? विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे, पण पुष्कळ ठिकाणी एका नगाला २३ किलो आणि कितीही पैसे भरले तरी ३२ च्या वर नाही. सायकल आधी कळवावी लागते, ऐन वेळी काउंटरवर नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर माझं खोकं साडेबावीस भरलं. गॅसचे सुटे सिलिंडर, हवा भरायचे ते छोटे, त्यांना कंपनीची परवानगी लागते. हातपंप न्या, भांडणच नको. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, पाने-पक्कड खोक्यात. आणि जून-जुलैला मुंबईत पाऊस असतो, हे विसरू नका. भिजलेल्या पुठ्ठ्याचा पापड होतो, म्हणून वरनं ताडपत्री गुंडाळा. तपासणीला खोकं उघडायला लावतात, तेव्हा चिकटपट्टीचा जादा रोल अगदी वरच ठेवा.

कागदपत्रं थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना सायकलवर डोंगर चढणं त्यात बसतं का, हे बारीक अक्षरात वाचा. सायकल महाग असेल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडनं तिचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, सांगाड्यावरच्या नंबरासह. परत येताना ‘ही नवी आणली का’ हा प्रश्न आला की कागद पुढं करायचा. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान रेल्वेगाडीत सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत घातली तर सामान म्हणून चालते. आपलं पुठ्ठ्याचं खोकं त्या मापात बसत नाही. म्हणून पुढचा प्रवास कशानं, ते खोकं घ्यायच्या आधी ठरवा.

आता दुसरा घाट, गालिबिए. बूरहून लोतारेची खिंड आणि तिथनं आणखी आठ-साडेआठ किलोमीटर, माथा २,६४२ मीटर. वाटेत बोगदे आहेत, दिवे लागतातच. टूर या खिंडीतनं पहिल्यांदा १९११ ला गेली. माथ्याजवळ टूर सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजचं स्मारक आहे. या गृहस्थाचा डिरेलरवर राग. त्यानं १९३७ पर्यंत शर्यतीत तो येऊ दिला नाही. त्याचं मत असं की गिअर बदलायची सोय पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, त्यामुळं माझी त्याच्याशी तक्रार नाही. पुढं ३४ दात आणि मागंही ३४, असा गिअर लावून मी त्याच्या स्मारकापुढनं गेलो. मागं दात जितके जास्त तितका गिअर हलका. मागं २८ वर भागेल असं सपाटीवरच्या पोरांना वाटतं. नाही भागत.

तिथं उभा राहिलो तर हुडहुडी भरली. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मेमध्ये बेचाळीस अंशांत चालवून आलेल्या माणसाला हे पुस्तकात माहीत असतं, अंगात नाही. चढताना घामानं भिजतो आणि लगेच उतार लागतो. जुन्या शर्यतवाल्यांची युक्ती आहे, जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं. मी खोक्यात भरलेलं सोलापूरचं वर्तमानपत्र वापरलं. गड्ड्याच्या यात्रेची जुनी बातमी छातीशी धरून गालिबिए उतरलो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, सोडून सोडून मारा. आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं. पहिल्या दिवशी दोनदा मी डावीकडं गेलो, दोन्ही वेळा गावातल्या चौकातनं वळल्यावर. रिकाम्या रस्त्यावरच सवय घात करते.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: एवढं करण्यापेक्षा तिथंच भाड्यानं का घेऊ नये? बरोबर विचारलंत. पाच-सहा दिवसांची सुट्टी असेल तर भाड्यानंच घ्या, मी स्वतः तेच सांगेन. आपलं पॅडल, बूट आणि सीट तेवढं न्या. फक्त ब्रेक बघून घ्या. आपल्याकडं बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडं डाव्या हाताला. दोन आठवडे असतील, आणि शेवटी निघायचं त्याच गावातनं जिथं रिकामं खोकं ठेवलंय, तर स्वतःची न्या. एका गावी उतरून दुसऱ्या गावाहून परतणार असाल तर त्या खोक्याचं काय करणार, सांगा.

दुसरी चिठ्ठी, शेंगा चटणी नेता येते का? येते. युरोपात मांस आणि दूध-दुपत्याला बंदी आहे, चटणीला नाही. कडक भाकरीही नेली होती. मोडली सगळी, पण ती मोडूनच खायची असते.

बरं, मागं ती सायकल उभी केलीय आणि शेजारी खोकं ठेवलंय. आता भरून दाखवतो. दोघं-तिघं पुढं या. आणि पंधराचा पाना कुणाकडं आहे का? माझा घरीच राहिला.