तंबूतल्या शाळा आणि टेलिफोनचं एक्स्चेंज

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. डोंगरउतारावर तंबूंची रांग.]

साल 1951. कोरियात युद्ध पेटलेलं आहे. राजधानी सोल वर्षभराच्या आत चार वेळा एका सैन्याकडून दुसऱ्याकडे गेली. माणसं जीव मुठीत धरून दक्षिणेला, बुसान बंदराकडे पळाली. आणि तिथे तंबू ठोकून, जिथे तंबूही नव्हते तिथे उघड्यावर, शाळा भरू लागल्या.

जपानी राजवट 1945 मध्ये संपली, तेव्हा इथल्या बहुसंख्य प्रौढांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा निर्णय 1950 च्या जूनमध्ये अमलात आला, आणि त्याच महिन्यात लढाई सुरू झाली. ती थांबल्यावर 1954 मध्ये सरकारने ते काम पुन्हा हाती घेतलं. एकेका वर्गात साठ-साठ मुलं कोंबलेली, शाळा दोन पाळ्यांत. तरीही 1960 च्या आसपास जवळजवळ प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत पोहोचलं होतं. दक्षिण कोरियाच्या प्रगतीची गोष्ट बहुतेकदा कारखान्यांपासून सांगितली जाते. आम्ही ती या वर्गांपासून सांगतोय, कारण पुढे कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत जी माणसं उभी राहिली, ती इथेच अक्षरं गिरवत होती.

[दृश्य: सोल, साठचं दशक. केसांचे टोप विणणाऱ्या मुली.]

साठच्या दशकाच्या मध्यावर इथलं दरडोई वार्षिक उत्पन्न होतं सुमारे 100 डॉलर. परदेशी चलन मिळायचं ते प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप विकून. शिकलेली हुशार मुलं अमेरिकेला जायची आणि तिथलीच होऊन जायची. अशा देशाने 1966 मध्ये, अमेरिकेच्या मदतीने, एक संशोधन संस्था काढली: किस्ट, म्हणजे कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी.

तिचे पहिले संचालक चोई ह्युंग-सुप हे धातुशास्त्रज्ञ. परदेशात स्थिरावलेल्या कोरियन संशोधकांना त्यांनी स्वतः भेटून परत बोलावलं. त्यांना घरं दिली. पगार दिले ते देशातल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांपेक्षा कितीतरी जास्त. साहजिकच कुरबुर झाली. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पार्क हुकूमशाही वळणाचे शासक होते, त्यांच्या काळात विरोधकांची गळचेपी झाली, आणि ती गोष्ट विज्ञानाच्या नावाखाली झाकता येणार नाही. पण संशोधकांच्या पाठीशी ते ठाम उभे राहिले, हेही तितकंच खरं.

पोहांगच्या पोलाद कारखान्याच्या आखणीत याच किस्टचे लोक होते. पुढे 1971 मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळी संस्था निघाली, आजच्या काइस्टची पूर्वज. तिथल्या विद्यार्थ्यांना फी माफ, वर विद्यावेतन, आणि सक्तीच्या लष्करी सेवेतूनही सूट.

[दृश्य: जुनं टेलिफोन एक्स्चेंज.]

आता टेलिफोनची गोष्ट. सत्तरच्या दशकात कोरियात फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. दुसऱ्याच्या नावावर करता येणाऱ्या जोडणीला तर घराइतका भाव आला होता. एक फोन दुसऱ्याला जोडून देणारी यंत्रणा, म्हणजे एक्स्चेंज, बाहेरून आणावी लागे. मग सरकारने ठरवलं, डिजिटल एक्स्चेंज आपणच बनवायचं. पाच वर्षांसाठी 24 अब्ज वॉन बाजूला काढले. संशोधनाच्या एका प्रकल्पासाठी एवढी रक्कम त्या देशात तोवर कोणी पाहिली नव्हती.

मंत्रालयाला धाकधूक होतीच. तेव्हा प्रकल्पावरच्या संशोधकांनी एक प्रतिज्ञापत्र लिहून सह्या केल्या. जीव ओतून काम करू, आणि अपयश आलं तर होईल ती शिक्षा भोगू, असा त्याचा मथितार्थ. सरकारी प्रयोगशाळेतले इंजिनिअर असं लिहून देतात! पैसा जनतेचा आहे याची जाणीव इतक्या सरळ शब्दांत क्वचितच नोंदली गेली असेल.

टीडीएक्स नावाचं ते एक्स्चेंज 1986 मध्ये गावोगावी सुरू झालं. 1987 मध्ये देशातल्या टेलिफोन जोडण्या 1 कोटीवर गेल्या. एक्स्चेंज बांधताना तयार झालेलं मनुष्यबळ पुढच्या कामांनाही पुरलं: मेमरी चिप, आणि 1996 मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झालेली सीडीएमए, म्हणजे एका डिजिटल तंत्रावर चालणारी, मोबाइल सेवा.

आज दक्षिण कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आसपास रक्कम संशोधन आणि विकासावर खर्च करतो. जगात हे प्रमाण गाठणारे देश बोटांवर मोजण्याइतके. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश खर्च खासगी कंपन्या करतात. सुरुवातीला मात्र हा भार प्रामुख्याने सरकारनेच वाहिला, कारण नफा दिसायच्या आत पैसे घालायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

[दृश्य: रात्री उशिरा शिकवणीतून बाहेर पडणारी मुलं.]

शिक्षणावरच्या या भराची किंमत मुलं मोजतायत. शाळा सुटली की खासगी शिकवणी, ती रात्रीपर्यंत. प्रवेश परीक्षेचा ताण अख्ख्या घरावर. शिक्षणावर श्रद्धा असलेल्या समाजाला मुलांचं बालपणही जपता आलं पाहिजे, आणि तिथे कोरिया कमी पडला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: काइस्टचा पदवीदान समारंभ.]

16 फेब्रुवारी 2024. डेजॉन शहरात काइस्टचा पदवीदान समारंभ चालू आहे. राष्ट्राध्यक्ष यून सुक-येओल भाषण करतायत. त्यांच्या सरकारने त्या वर्षी संशोधनाचा सरकारी निधी 31.1 लाख कोटी वॉनवरून 26.5 लाख कोटींवर आणला आहे. पदवी घ्यायला आलेला एक विद्यार्थी जागेवरून ओरडतो, संशोधनाचा निधी परत द्या. सुरक्षारक्षक त्याचं तोंड दाबतात, हातपाय धरून त्याला सभागृहाबाहेर नेतात.

2025 साठी सरकारने निधी पुन्हा वाढवला. पण मधल्या वर्षात चालू प्रकल्पांना कात्री लागली होती, आणि तरुण संशोधकांना पुढची दहा वर्षं याच देशात काढायची की बाहेर, याचा नव्याने विचार करावा लागत होता.