पांगाऱ्याचं सीताफळ

(दृश्य : मोती तलाव, राजवाडा, बाजारपेठेतून चितार आळीकडे)

सावंतवाडी. भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी, आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तलावाला वळसा घालून बाजारात शिरलं की चितार आळी लागते. दुकानांपुढे परड्या मांडल्यात. केळी, हापूस, रामफळं, कारली, भरताची वांगी. कलिंगडाची लालभडक फाक, तिच्यात काळ्या बिया. सगळं लाकडाचं.

रुखवतात मांडायला, गौरी-गणपतीच्या आराशीला, नव्या घराच्या वास्तुशांतीला भेट म्हणून ही फळं वर्षानुवर्षं इथून जातात. कोकणातून मुंबईला गेलेल्या कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये ती आहेत. ती घडतात कशी, ते बघायचं तर दुकानामागच्या पडवीत यायला हवं.

(दृश्य : कुंपणावरचा फुललेला पांगारा, जवळून)

त्याआधी हे झाड. पांगारा. अंगावर काटे, म्हणून कुंपणाला लावतात. मिरीचा वेल चढवायलाही हाच. फाल्गुनात पानं झडतात आणि उघड्या फांद्यांवर ही लाल फुलं येतात. मैना, बुलबुल, शिंजीर, सगळ्यांची दिवसभर झुंबड. लाकूड मऊ आणि वजनाला अगदी हलकं, त्यामुळे खेळण्याला पूर्वापार हेच. इमारतीच्या कामाला मात्र निरुपयोगी, त्यामुळे कुंपणाच्या जागी चिरेबंदी गडगा आला की आधी पांगारा जातो.

(दृश्य : पडवी, वाकस, पटाशी)

तोडलेलं लाकूड सावलीत वाळायला हवं. ओलं असतानाच घडवलं तर पुढे रंगासकट तडकतं. वाळलेल्या ओंडक्याचे तुकडे पाडायचे, वाकसाने, म्हणजे तासणीने, ढोबळ आकार काढायचा आणि मग पटाशी हातात घ्यायची. आंबा एकवेळ लवकर होतो. हे सीताफळ बघा. त्याचा एकेक डोळा वेगळा कोरावा लागतो. देठापाशी बारीक, पोटावर मोठा, खाली पुन्हा बारीक. ओळी सरळ गेल्या तर फळ खोटं दिसतं. त्या किंचित तिरप्या, एकमेकींत शिरलेल्या हव्यात. यासाठी कागदावर काढलेला नकाशा नाही. समोर खरं सीताफळ ठेवलंय, बाकी सारं कारागीर आबांच्या बोटांना माहीत आहे.

कानस फिरते, मग काचपेपर. लाकडाचे रेषे बुजवायला पूर्वी चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी वापरत, आता बऱ्याच ठिकाणी दुकानातली लांबी, म्हणजे पुट्टी. ती वाळली की पुन्हा घासायचं. पांढरी शुभ्र फळं फळीवर रांगेने बसली की रंगाला सुरुवात.

(दृश्य : सूनबाईंचे हात, ब्रश, रंगाच्या वाट्या)

सीताफळ नुसतं हिरवं नसतं. डोळ्यांवर पोपटी, खाचांमध्ये पिवळट पांढरं, पिकत आलेल्या बाजूला थोडी काळसर झाक. आबांच्या सूनबाईंनी रंगाचा तिसरा हात दिला आणि विचारलं, “आबा, हो रंग पुरो?” आबांनी उत्तर दिलं नाही. खरं फळ उचललं, लाकडाच्या फळाशेजारी धरलं आणि दोन्ही उजेडात फिरवून बघितली. मग सर्वांत बारीक ब्रश घेऊन देठाजवळच्या खाचेत तपकिरी रंगाची एकच रेघ ओढली. फळ पिकलं!

(दृश्य : राजवाड्याचा दरबार हॉल, गंजिफा)

असाच बारीक ब्रश राजवाड्यातही चालतो. हे गोल पत्ते गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाचे. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी 12, म्हणजे 120 पत्ते. ही कला जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी चितारी, म्हणजे पिढीजात रंगकाम करणाऱ्या, घराण्यातल्या जुन्या कलावंताला बोलावून ती पुन्हा उभी केली, आणि सत्त्वशीलादेवी तर स्वतः रंगवायला शिकल्या. चितारी मंडळी देव्हारे, चौरंग, लग्नाचे पाटही रंगवतात. देवाचा चेहरा आणि कारल्याची साल, दोन्हींना इथे सारखाच मान आहे.

(दृश्य : परड्या भरणं, खोकी बांधणं)

बाजारात प्लॅस्टिकची फळं स्वस्त मिळतात, आणि नवी मुलं नोकरीसाठी गोव्याला जातात.

भेट द्यायची असेल तर आळीत येऊन परडी हातात घ्या. फळ तळव्यावर तोलून बघा, पांगारा असेल तर त्याचा हलकेपणा लगेच कळेल. देठ बघा, खाचांमधला रंग बघा, आणि भाव करण्याआधी ते कोणी रंगवलं हे विचारा.

आणि कोकणात तुमचं कुंपण असेल, तर येत्या पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याची एक जाडशी फांदी रोवा. ती सहज रुजते. रोप विकत आणावं लागत नाही, शेजाऱ्याकडे मागितली तरी मिळते.