कोपऱ्यातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या आजोळी रेडिओची दोन नावं होती. माजघरातल्या फळीवरचा मोठा लाकडी खोका म्हणजे ‘रेडिओ’, आणि आजोबा शेतावर जाताना खांद्याला अडकवून न्यायचे तो ‘ट्रान्झिस्टर’. लाकडी रेडिओत व्हॉल्व्ह होते. बटण फिरवलं की आधी नुसता पिवळा दिवा लागायचा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग कुठे आवाज यायचा. ट्रान्झिस्टर मात्र लावला की बोलायला लागायचा. बातम्या, भावगीतं, पावसाचा अंदाज, सगळं त्याच्यावर. त्याला घरात कुणी कमी लेखल्याचं मला आठवत नाही.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात मात्र ट्रान्झिस्टरला अजून उंबऱ्याबाहेरच बसवतात. अ‍ॅम्प बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “ट्यूबचा आहे का?” ट्यूब म्हणजे माजघरातल्या रेडिओतला तोच व्हॉल्व्ह. नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मी गिटार शिकवतो, त्यामुळे हा पडलेला चेहरा मी फार जवळून पाहिला आहे. घरात चांगला अ‍ॅम्प असून केवळ तो ‘ट्यूब’चा नाही म्हणून मन लावून न वाजवणारी मुलंही पाहिली आहेत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज या दुर्लक्षित, खिशाला परवडणाऱ्या अ‍ॅम्पांची बाजू मांडायला मी तुमच्यासमोर आलो आहे.

जे गिटार वाजवत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेखालचे पिकअप तारेचं कंपन विजेत उतरवतात आणि अ‍ॅम्प त्या विजेचा आवाज करतो. म्हणजे अ‍ॅम्प हा निव्वळ आवाज मोठा करणारा डबा नाही. निम्मं वाद्य तोच आहे.

आता ट्रान्झिस्टरचं नाव खराब का झालं, ते पाहू. त्याला कारण होतं, हे मी नाकारत नाही. अमेरिकेतली फेंडर कंपनी १९६५ साली सीबीएसने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी फेंडरने ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पांची मोठी मालिका बाजारात आणली. त्या काळचे पॉवर ट्रान्झिस्टर नाजूक. तापले की जायचे. वाजवता वाजवता अ‍ॅम्प गप्प होऊ लागले आणि काही वर्षांतच ती मालिका गुंडाळावी लागली.

आवाजाचीही तक्रार होती, आणि तीही खरी होती. व्हॉल्व्हवर ताण आला की आवाजाच्या लाटेचा माथा हळूहळू गोल होत जातो. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये तोच माथा विळ्याने कापल्यासारखा सपाट होतो आणि कानाला टोचतो. याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये स्पीकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, आणि अशा अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड थोडी सैल असते. मग स्पीकर स्वतःच्या स्वभावाप्रमाणे खालचे सूर जरा फुगवतो, वरचे जरा उजळवतो. आपण ज्याला ‘ऊब’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा या सैल लगामाचा आहे. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घरच्या स्टिरिओसारखे बांधलेले होते, लगाम एकदम घट्ट. पुढे सर्किट बनवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं, त्यांनी फीडबॅकची मांडणी बदलून लगाम सैल केला. पण तोवर जे नाव बसायचं ते बसलं होतं.

आता ब्लूजचे बादशहा बी. बी. किंग यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या बोटाखाली एकच सूर असा थरथरायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तो सूर त्यांनी कित्येक वर्षं ज्या अ‍ॅम्पमधून काढला तो होता लॅब सिरीज एल-५. १९७०च्या दशकाच्या शेवटी आलेला, १०० वॉटचा, १२ इंची दोन स्पीकरचा, आणि आत एकही व्हॉल्व्ह नाही. तेव्हा गिब्सन आणि सिंथेसायझरवाली मूग या दोन्ही कंपन्या नॉर्लिन नावाच्या एकाच मालकाकडे होत्या. मूगच्या मंडळींनी तो अ‍ॅम्प घडवला. बी. बी. किंग यांच्या गिटारला ऊब नाही, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

जपानच्या रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासून आजही बनतो आहे. त्याच्यासारखा स्वच्छ, पाण्यासारखा आवाज दुसरीकडे मिळत नाही. पोलीस या बँडचे अँडी समर्स त्याच्यावर वाजवायचे. दुसऱ्या टोकाला हेवी मेटल. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलचा करवतीसारखा आवाज रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा होता. त्याला माथा कापलेलाच हवा होता.

हे अ‍ॅम्प आज स्वस्त नाहीत, हे खरं. पण त्यांच्या कुळातले स्वस्त भाऊ आहेत, आणि त्यातला माझा सर्वात लाडका पीव्ही बँडिट.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात मेरिडियन नावाचं गाव आहे. तिथे हार्टली पीव्ही यांनी १९६५ साली कंपनी काढली. रोज रात्री कुठेतरी वाजवून पोट भरणाऱ्या वादकाला परवडेल आणि गाडीतून पडला तरी चालेल असा माल करायचा, हा त्यांचा बाणा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बँडिट बनू लागला. १२ इंची एक स्पीकर, दोन चॅनल, स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी सोय, आणि छोट्या हॉलला पुरून उरेल इतकी ताकद. १९९०च्या दशकात त्यात ट्रान्सट्यूब नावाचं सर्किट आलं. हे सर्किट ट्रान्झिस्टरकडूनच लाटेचा माथा गोल करून घेतं. या पिढीतल्या काही अ‍ॅम्पांच्या दर्शनी भागावर लाल पट्टा असतो, जाणकार त्यांना ‘रेड स्ट्राइप’ म्हणतात. दिसायला ओबडधोबड काळा खोका. फोटोत मिरवण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्याची उपेक्षा होण्याचं तेही एक कारण असावं.

एका कॉलेजच्या स्टोअररूममध्ये असा एक बँडिट मला सापडला होता. गॅदरिंगच्या पडद्यांखाली दडपलेला. शिपाईमामा म्हणाले, “सर, तो खराब आहे, नुसता खरखरतो.” लावून पाहिला. व्हॉल्यूम फिरवला की तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. मी अ‍ॅम्पला हलकासा धक्का दिला, तर आतून ढग गडगडल्यासारखं वाजलं. ती रिव्हर्बची स्प्रिंग. म्हणजे ती जिवंत, तिच्यापुढचं सर्किटही जिवंत. मग प्लग काढला, प्रत्येक बटणाच्या दांडीपाशी काँटॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारला आणि एकेक बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवलं. अर्धा तास वाळू दिला. पुन्हा लावला तेव्हा खरखर गेली होती. मी ई मेजरचा कॉर्ड वाजवला, आणि पडदे, खुर्च्या, नाटकातल्या लाकडी तलवारी यांनी भरलेल्या त्या खोलीत तो असा भरून राहिला की मामा दारातच थबकले. सेकंडहँड अ‍ॅम्प घेताना खरखरणाऱ्या बटणांना घाबरू नका, हे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आलो आहे. बहुतेकदा ती धूळ असते. भाव मात्र तिच्यामुळे चांगला उतरतो.

आता वॉटचं कोडं. दुकानात सगळे वॉट विचारतात. १०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठ्याने वाजेल, असं वाटतं. तसं होत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट व्हावे लागतात. तेव्हा ५ वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटवाल्याच्या निम्म्याने ऐकू येतो, दहाव्या हिश्श्याने नव्हे. स्पीकरचंही तसंच. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबल जास्त संवेदनशील असेल, तर तोच अ‍ॅम्प वॉट दुप्पट केल्यासारखा वाजतो. त्यामुळे वॉटच्या आकड्याआधी स्पीकर किती इंची आहे ते बघा आणि खोका ठोकून बघा. डबडबला तर आवाजही तसाच येणार.

याच हिशेबामुळे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच उलट अडचणीचा ठरतो. त्याचा खरा रंग आवाज चढवल्यावर खुलतो आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनिअर नावाचा गोड अ‍ॅम्प होता. ५ वॉट आणि समोर एकच बटण, व्हॉल्यूमचं. सेकंडहँड मिळाला तर जरूर घ्या, पण तोसुद्धा बंद खोलीत पुरेसा मोठा आहे. छोट्या अ‍ॅम्पला कमी समजू नका, हेही जाता जाता सांगतो. १९७० साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन या गिटारवादकांनी छोटे फेंडर अ‍ॅम्प लावून जी गिटार रेकॉर्ड केली, ती आजही लोक कान देऊन ऐकतात. माइकसमोर अ‍ॅम्पचा आकार ऐकू येत नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांनी व्हॉक्सचा पाथफाइंडर १० बघावा. साडेसहा इंची स्पीकर, हेडफोनची सोय, आणि गेन, म्हणजे आवाज फाटायला लावणारं बटण, अर्ध्यावर ठेवून बोटांनी वाजवलं तर फार लाघवी आवाज. रोलंडचा मायक्रो क्यूब जेमतेम दोन-तीन वॉटचा, पेन्सिल सेलवर चालतो. गच्चीवर, गणपतीच्या मांडवामागे, ट्रेकला, कुठेही न्या. बॉसचा कटाना २०१६ साली आला. त्याच्या ५० वॉटच्या अ‍ॅम्पला अर्ध्या वॉटवर आणायचं बटण आहे. तो आता बराच लोकप्रिय झाला आहे, तरी त्याचं नाव घेतलं की ‘ट्यूब नाही ना पण’ हे ऐकावं लागतंच. आणि पिगनोज! १९७०च्या दशकातला ५ वॉटचा सेलवर चालणारा लाकडी डबा, व्हॉल्यूमचं बटण हुबेहूब डुकराच्या नाकासारखं. त्याचा मागचा भाग दारासारखा उघडतो. वाजवता वाजवता तो उघडत-मिटत गेलात तर आवाजही उघडतो-मिटतो. एवढी साधी युक्ती, पण ती करून बघितलेल्या माणसाला खोक्यातल्या हवेचं काम काय असतं ते जन्मभर समजतं.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. अमेरिकेतून येणारे नातेवाईक हौसेने अ‍ॅम्प आणतात. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. माझ्या मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेला अ‍ॅम्प मी स्वतः, पिन बदलणारा साधा अडॅप्टर लावून, भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला होता. एक जोरदार गुरगुर, मग जळका वास आणि काळोख. पिन बदलली म्हणून व्होल्ट बदलत नाहीत. त्यासाठी वेगळा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही अ‍ॅम्पच्या वॉटला पुरेल असा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

आणि घरी जो अ‍ॅम्प आहे, त्याला दोष देण्याआधी एक करून बघा. माझी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. म्हणाली, “सर, घरचा अ‍ॅम्प विकते. आवाज एकदम दबका येतो, अंगावर गोधडी घेतल्यासारखा.” मी तिला अ‍ॅम्प क्लासमध्ये आणायला सांगितला. तिने तो घरच्या सवयीने जमिनीवर ठेवला, स्वतः उभी राहिली आणि वाजवू लागली. बास पूर्ण चढवलेला, मिड शून्यावर, ट्रेबलही, म्हणजे वरचे सूर, शेवटपर्यंत. मिड काढलं की एकट्याने वाजवताना भारदस्त वाटतं, पण गिटारचा जीव त्या मधल्या सुरांतच असतो. ढोलकी आणि कीबोर्ड सोबत आले की गिटार नाहीशी होते. आणि स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. जमिनीवरच्या अ‍ॅम्पचा तो झोत तिच्या पोटऱ्यांवर पडत होता, कानापर्यंत येतच नव्हता.

मी अ‍ॅम्प उचलून खुर्चीवर ठेवला आणि पाठीकडे थोडा कलता केला, स्पीकर तिच्या चेहऱ्याकडे येईल असा. बास निम्म्यावर आणला, मिड वर नेलं. ट्रेबलला मुद्दाम हात लावला नाही. तिने वाजवायला सुरुवात केली, दुसऱ्याच सुराला दचकून थांबली, आणि माझ्याकडे न बघता पुढे होऊन तिने स्वतःच ट्रेबलचं बटण खाली आणलं.