हरभरे, काड्या आणि हायड्रोकार्बन

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून रसायनशास्त्र शिकवायचं म्हणजे फळा नाही, खडू नाही, आणि तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी मला दिसणार नाहीत. तेव्हा फळ्याचं काम आज तुमच्या स्वयंपाकघरावर सोपवतो. रात्रभर भिजवलेले मूठभर हरभरे घ्या आणि दात कोरायच्या काड्यांची एक डबी. घरात दहावीचं कुणी असेल तर त्यालाही हाक मारा. कार्बनी संयुगांचा धडा आला की सूत्रं घोकत बसणारी हीच मंडळी.

हरभरा म्हणजे कार्बनचा अणू, काडी म्हणजे बंध. नियम एकच. प्रत्येक हरभऱ्यात चार काड्या खोचलेल्या हव्यात. तीन चालणार नाहीत, पाचही नाहीत. कार्बनची संयुजा चार, असं पुस्तक म्हणतं ते हेच. ज्या काडीचं दुसरं टोक मोकळं राहील तिथे हायड्रोजन बसलाय असं धरा. त्याला एकच बंध जमतो, त्यामुळे तो नेहमी टोकालाच.

एक हरभरा, चार काड्या, चार मोकळी टोकं: झाला मिथेन, सगळ्यात साधा हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग. आता दोन हरभरे एका काडीनं जोडा. प्रत्येकाच्या तीन काड्या उरल्या, म्हणजे सहा हायड्रोजन: इथेन. तीन हरभऱ्यांची माळ केली की आठ टोकं: प्रोपेन. चारांची केली की दहा: ब्युटेन. ही चार नावं मात्र पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. पुढे पेंटेन, हेक्झेन असे ग्रीक आकडे लागतात. सूत्र घोकू नका, टोकं मोजा.

मोजण्याचा फायदा लगेच बघा. कार्बनचं वजन १२, हायड्रोजनचं १. मिथेनचा रेणू भरतो १६, प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. हवेची सरासरी २९ च्या आसपास. पाइपलाइनच्या गॅसमध्ये बहुतांश मिथेन, म्हणून तो गळला तर छताकडे जातो. १४.२ किलोच्या लाल सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणून तो गळला तर जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. अशा वेळी दिव्याचं बटण दाबायचं नाही, पंखा लावायचा नाही. आधी दार उघडायचं. या वायूंना मुळात वासच नसतो. जो उग्र दर्प येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा.

मिथेन आपल्याकडे गोबरगॅसमध्येही असतो आणि दलदलीच्या गाळातूनही निघतो. इटलीच्या व्होल्टानं १७७६ साली एका तळ्याकाठचा गाळ ढवळून हे बुडबुडे गोळा केले होते. पुढे विजेची बॅटरी बनवणारा व्होल्टा तो हाच. नांदूरमध्यमेश्वरला जाऊन हा प्रयोग करू नका बरं का, ती जागा पक्ष्यांची आहे.

आता चार हरभरे पुन्हा घ्या. सरळ माळ न करता तीन एका रांगेत ठेवा आणि चौथा मधल्याला जोडा. टोकं मोजा. पुन्हा दहाच! सूत्र तेच, पदार्थ मात्र वेगळा. याला समघटकता म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या धड्याचा जीव इथे आहे. पाच हरभऱ्यांच्या अशा तीन रचना होतात. सरळ पेंटेन ३६ अंश सेल्सियसला उकळतो, एक फांदी असलेला २८ ला, आणि मधल्या हरभऱ्याभोवती चौघे जमलेला निओपेंटेन साडेनऊला. कारण आकारात आहे. लांब रेणू एकमेकांना लांबवर चिकटून राहतात. गोल गठ्ठ्यांना चिकटायला जागा कमी, म्हणून ते लवकर सुटतात. जानेवारीच्या थंडीच्या लाटेत निफाडला पारा पाच-सहावर आला की पहाटे हा निओपेंटेन बाटलीत द्रव असेल आणि दुपारी ऊन तापल्यावर वायू.

इथवर सगळे बंध एकेरी होते, म्हणजे हे सगळे संपृक्त. आता दोन हरभऱ्यांमध्ये दोन काड्या घाला. काड्या वाकवाव्या लागतील, दाणा फुटेलही, घालाच. प्रत्येकाच्या दोनच काड्या मोकळ्या राहिल्या, एकूण हायड्रोजन चार. हे इथिलीन. दुहेरी बंधातला दुसरा बंध पहिल्याइतका घट्ट नसतो, तो उघडून दुसऱ्या अणूंना जागा देतो. म्हणून असंपृक्त हायड्रोकार्बन पटकन अभिक्रिया करतात.

या इथिलीनची गंमत अशी की फळ ते स्वतः तयार करतं आणि त्यानंच पिकतं. आंब्याची आढी पेंढ्यात झाकून ठेवायची ती हा वायू कोंडून राहावा म्हणून. जळगावकडून हिरवी येणारी केळी रायपनिंग चेंबरमध्ये याच वायूवर पिवळी होतात. दहा लाख भाग हवेत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी आहे. पिंपळगावच्या मंडईतला टोमॅटोही तोडल्यावर रंग धरतो. द्राक्षाचं तसं नाही. ते वेलीवर गोड झालं तेवढंच. तोडल्यावर कितीही इथिलीन द्या, साखर वाढायची नाही. म्हणून तर आपला बागायतदार मणी चिरडून, रसाचा थेंब काचेवर घेऊन ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघतो आणि मगच घडाला कात्री लावतो.

तीन काड्या घातल्या की हायड्रोजन उरले दोन: ॲसिटिलीन. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की हा वायू निघतो. फळांच्या पेटीत कागदाची पुडी ठेवतात ती या कार्बाइडचीच. ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतं, पण इथिलीनपेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि कार्बाइडसोबत आर्सेनिक, फॉस्फरसची घाण येते. फळं अशी पिकवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

ॲसिटिलीनची खरी जागा नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये. ऑक्सिजनसोबत जळताना त्याची ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते आणि पोलादाची पट्टी कापते. पण हा वायू नुसता दाबून भरला तर स्वतःच फुटू शकतो. म्हणून मरून रंगाच्या सिलिंडरात सच्छिद्र भुसभुशीत पदार्थ असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं, आणि त्या ॲसिटोनमध्ये हा वायू विरघळवलेला. कामगार त्याला डीए म्हणतात, म्हणजे डिझॉल्व्ड ॲसिटिलीन, विरघळवलेलं ॲसिटिलीन. त्याच्या जोडाचे आटे उलटे असतात, ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसू नये म्हणून.

आता तुमचा गृहपाठ. सहा हरभरे, सगळे बंध एकेरी, कडं करायचं नाही. किती वेगळ्या रचना होतात? उत्तर सांगून टाकतो: पाच. सहावी सापडलीशी वाटली तर उचलून उलटी धरा, आधीच्या पाचांतलीच कुठली तरी निघेल. आणि प्रत्येकीची मोकळी टोकं चौदा भरली पाहिजेत. तेरा आली तर एखाद्या हरभऱ्यात काडी कमी आहे. नमस्कार.